परदेशी सप्लायरचं दिवाळं: पर्चेसमध्ये नव्यानं आलेल्यांसाठी

चाकणला वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात पर्चेसला रुजू होणाऱ्यांना मी आधी भाव करायला शिकवत नाही. सप्लायर बुडाला तर आपलं काय काय त्याच्याकडे अडकेल, ते लिहून काढायला सांगतो. डाय आणि मोल्ड (आपल्या पैशानं बनवलेले, पण त्याच्या कारखान्यात ठेवलेले साचे), ॲडव्हान्स, तयार होऊन पडलेला माल.

फेब्रुवारी २००९ मध्ये जर्मनीतल्या एडशा कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. बीएमडब्ल्यूच्या नव्या झेड-४ चं छत तिच्याकडून यायचं. ऐनवेळी दुसरा सप्लायर उभा करणं शक्य नव्हतं, म्हणून बीएमडब्ल्यूनं तिला पैशांचा आधार दिला. आपल्या कंपन्यांची तेवढी ऐपत नसते, त्यामुळे लक्षणं लवकर ओळखावी लागतात. ६० दिवसांची उधारी देणारा एकाएकी ॲडव्हान्स मागू लागला किंवा दर खेपेला ‘स्टील आलं नाही’ म्हणू लागला, तर चौकशी करा. बरेचदा स्टीलवाल्यानंच त्याची उधारी बंद केलेली असते. ब्रिटिश कंपनीनं हिशेब वेळेत भरलेत का, ते कंपनीज हाउस या तिथल्या सरकारी कंपनी नोंदणी कार्यालयाच्या साइटवर फुकट दिसतं. मंदी ओसरतानाही गाफील राहू नका. ऑर्डरी परत येतात, पण कच्चा माल घ्यायला हातात रोकड नसते, आणि कित्येक कंपन्या तेव्हाच कोसळतात.

जर्मनीत अर्ज झाला की न्यायालय बहुधा कंपनीच्या व्यवहारांवर लक्ष ठेवायला तात्पुरता प्रशासक नेमतं. कामगारांचा तीन महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार सरकारी रोजगार संस्था देते, त्यामुळे कारखाना सहसा लगेच थांबत नाही. जे करायचं ते याच काळात. कोणते डाय आपले आहेत, हे प्रशासकाला पहिल्याच दिवशी लेखी कळवा. आपल्या मालकीची वस्तू परत मागता येते, मात्र मालकी सिद्ध करावी लागते: टूलिंगची, म्हणजे डाय-मोल्डची, पीओ (खरेदी ऑर्डर), पैसे दिल्याचा पुरावा, डायवर कोरलेला ॲसेट नंबर (आपल्या मालमत्तेचा क्रमांक), तो नंबर वाचता येईल असा फोटो. आमच्या एका सप्लायरकडून नंबर कोरलेले डाय सहज सुटले. नंबर नसलेल्या फिक्स्चरसाठी (काम करताना भाग पकडून ठेवणाऱ्या साधनासाठी) मात्र पत्रव्यवहार लांबतच गेला. म्हणून सप्लायर ठणठणीत असतानाच कुणाला तरी पाठवून हे फोटो काढून घ्या.

ॲडव्हान्सचं तसं नाही. तो दिला की आपण बिनतारण धनकोंच्या, म्हणजे काहीही तारण न घेता पैसे अडकलेल्यांच्या, रांगेत जातो, आणि त्या रांगेला फारच थोडं मिळतं. शिवाय पाठवलेल्या परकीय चलनापोटी आपल्या बँकेला बिल ऑफ एन्ट्री (माल आयात झाल्याचं कस्टम्सचं कागदपत्र) दाखवावी लागते. माल आलाच नाही तर ती नोंद उघडी राहते आणि बँक विचारत राहते. मोठी रक्कम असेल तर चांगल्या परदेशी बँकेची गॅरंटी घ्या, नाहीतर एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे माल पाठवल्याची कागदपत्रं दाखवल्यावरच पैसे देण्याची बँकेची हमी) उघडा. सप्लायर नाराज झाला तरी चालेल.

जास्तीचा स्टॉक सगळ्याच भागांचा करू नका, पैसा अडकतो. ज्या भागाचा डाय जगात एकच आहे, त्याचाच करा. नव्या सप्लायरच्या पीपीएपीला (भागाचे नमुने आणि तपासणीची कागदपत्रं यांच्या संचाला) मंजुरी द्यायला तुमच्या ग्राहकाला किती आठवडे लागतात ते आत्ताच विचारा, त्यात जहाजाचा वेळ मिळवा आणि तेवढा माल गोदामात ठेवा.