राजीनाम्यावर सही करण्याआधी
एच.आर.च्या केबिनमध्ये बोलावून टाइप केलेला राजीनामा पुढे सरकवला जातो आणि ‘सही करा, नाहीतर अनुभवाचा दाखला मिळणार नाही’ असे सुनावले जाते. त्या कागदावर सही करू नका, कारण राजीनामा दिला की आपल्याला काढले गेले हे सिद्ध करण्याचा सगळा भार तुमच्यावर येतो. ‘विचार करून कळवतो’ एवढेच म्हणून बाहेर या. सही होऊन गेलीच असेल, तर ती दबावाखाली घेतली गेल्याचे त्याच रात्री ई-मेलने आणि दुसऱ्या दिवशी स्पीड पोस्टने कळवा.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू झाली आहे. वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करायची असल्यास मालकाला कारणासह एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढे वेतन, शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. बारा महिन्यांत 240 दिवस भरले की वर्ष पूर्ण धरतात आणि त्यात पगारी रविवार व सुट्ट्याही मोजायच्या असतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच स्पष्ट केले आहे. तरीही केवळ हजेरीचे दिवस मोजून हक्क सोडून देणारी माणसे भेटतात, याचे फार वाईट वाटते. दिवस भरल्याचा पुरावा कामगारानेच द्यायचा असतो, म्हणून पगारपत्रके, हजेरीच्या नोंदी आणि पी.एफ. पासबुक आजच स्वतःजवळ ठेवा. कंपनीचा मेल बंद झाल्यावर हाती काही उरत नाही.

गैरवर्तनाचा ठपका असेल, तर आरोपपत्राला लेखी उत्तर द्या आणि चौकशीला हजर राहा.

दाद मागण्यासाठी युनियन पाठीशी असलीच पाहिजे असे नाही. महाराष्ट्रात सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात स्वतः अर्ज करता येतो. मात्र काढल्यापासून दोन वर्षांच्या आत तो द्यायला हवा. तिथे समेट न झाल्यास तसा त्या कार्यालयाचा अहवाल मिळाल्यापासून 90 दिवसांत औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जावे. व्यवस्थापक, तसेच 18,000 रुपयांहून अधिक वेतनाचे पर्यवेक्षक या संहितेत ‘कामगार’ ठरत नाहीत, त्यामुळे त्यांनी आधी नियुक्तिपत्रातील नोटिशीची कलमे वाचावीत.

वेतन संहितेनुसार काढल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत थकीत वेतन मिळायला हवे. ते जरूर घ्या, पण ‘माझी काहीही तक्रार नाही’ असे छापलेल्या पावतीवर सही करण्यापूर्वी ते वाक्य खोडून ‘हक्क राखून स्वीकारले’ असे स्वतःच्या हाताने लिहा आणि पावतीचा फोटो काढून ठेवा.