लाकडी स्टॉकला पिलर बेडिंग करताय? या चुका टाळा

रायफल पावसाळ्यात एका जागी मारते, एप्रिलमध्ये दुसरीकडे आणि दर वेळी अॅक्शनचे (बोल्ट आणि ट्रिगर ज्यात बसतात त्या मधल्या धातूच्या भागाचे) स्क्रू थोडे जास्तच फिरतात, अशी तक्रार असेल तर पिलर बेडिंगचा विचार करायला हरकत नाही. आपल्या नाशिकची हवा लाकडाला सुखाने बसू देत नाही. जुलै-ऑगस्टात इगतपुरी-त्र्यंबककडून येणारी ओल, एप्रिल-मेमध्ये चाळिशीची कोरडी झळ, जानेवारीत निफाडची थंडी. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रेषांच्या आडवं फुगतं आणि आकसतं, आणि अॅक्शनचे स्क्रू नेमके त्याच दिशेने त्याला दाबत असतात. वर्षानुवर्षं आवळून आवळून स्क्रूभोवतीचं लाकूड चेपून जातं आणि मग कितीही आवळा, पकड राहत नाही.

बेडिंग म्हणजे स्टॉकमधली अॅक्शनची बैठक एपॉक्सीने पक्की करणं, आणि पिलर म्हणजे स्क्रूभोवती बसवलेली अॅल्युमिनियमची किंवा स्टीलची जाड नळी. वरून अॅक्शन, खालून ट्रिगर गार्ड, दोन्ही त्या नळीच्या तोंडांवर टेकतात आणि दाब धातूवर जातो. एवढंच काम आहे, पण त्यात लोक भरपूर घोळ घालतात.

आधी कायद्याचं. शिकार वन्यजीव कायद्याने बंद आहे, त्यामुळे आजोबांच्या नावावरून आपल्या नावावर आलेली शिकारी रायफल आता रेंजवर कागदच फोडणार. आणि दुसऱ्याची रायफल घरी आणून दुरुस्त करून देण्याचा उद्योग तर अजिबात नको. काम दुरुस्तीचा परवाना असलेल्या गनस्मिथकडेच द्या, सोबत लायसन्स न्या. पण त्याच्यासमोर बसून काय बघायचं हे तुम्हाला माहीत हवं, नाहीतर तो एम-सील थापून देईल आणि तुम्ही पैसे देऊन घरी याल. पिलर मात्र अंबड किंवा सातपूरच्या कुठल्याही लेथवाल्याकडून करून घेता येतात, साध्या नळ्याच आहेत त्या. त्याच्याकडे माप न्यायचं, रायफल नाही.

अजून एक, बेडिंग हा पहिला इलाज नाही. आधी स्कोपच्या माउंटचे स्क्रू बघा, बॅरलचं तोंड ठेचलंय का बघा, एकाच लॉटचे राउंड मारून बघा. निम्म्या लोकांचा आजार तिथेच सापडतो. आणि .३१५ बोअरची रायफल असलेल्यांनी जरा थांबा. ती ली-एन्फिल्डच्या घराण्यातली, स्टॉक दोन तुकड्यांचा, धक्का फोर-एंडच्या (स्टॉकचा बॅरलखालचा पुढचा भाग) मागच्या खांद्यांवर येतो, त्यामुळे एकसंध स्टॉकचे नियम तिला जसेच्या तसे लावू नका. तिच्या पुढच्या स्क्रूभोवती मुळातच एक छोटा कॉलर असतो, तो हरवलाय का एवढं आधी तपासा, बऱ्याचदा कुणीतरी कधीतरी खोलताना तो गायब झालेला असतो. खालचं सगळं मावझर किंवा ब्रनोसारख्या एकसंध लाकडाच्या रायफलीबद्दल आहे. मावझरच्या मागच्या स्क्रूलाही फॅक्टरीचीच नळी असते, म्हणजे ही कल्पना काही आजची नाही.

पिलरची लांबी ही सगळ्यात मोठी भानगड. थोडा आखूड पडला तर भार परत लाकडावरच, म्हणजे पिलर नुसता शोभेला. जास्त लांब झाला तर अॅक्शन आणि गार्डमधलं अंतर वाढतं, मॅगझिनचा डबा सैल खडखडतो, स्क्रूचे आटे कमी धरतात. मावझरमध्ये स्क्रू पूर्ण आवळल्यावरही मॅगझिनचा डबा वरखाली जरासा, साधारण अर्धा मिलिमीटर, हलला पाहिजे. तो घट्ट अडकला तर डबाच तिसरा पिलर होऊन बसतो आणि सगळी मेहनत पाण्यात. पिलर थोडा लांब कापून घ्या, मग गार्ड लावून बघत बघत कानशीने उतरवा. आतलं भोक स्क्रूपेक्षा मोठं हवं, सहा मिलिमीटरच्या स्क्रूला आठचं चालतं. स्क्रू भोकाच्या भिंतीला घासत असेल तर गोळी सुटल्यावर धक्का रिकॉइल लगऐवजी (अॅक्शनखालचा, धक्का लाकडाला देणारा उंचवटा) स्क्रू घेतो आणि ग्रुप फाटतो, म्हणजे गोळ्या एका जागी न पडता पांगतात. अॅक्शनचा तळ गोल असेल तर पिलरचं वरचं तोंड सपाट ठेवून चालणार नाही, तिथे एपॉक्सीचा पातळ थर लागतो किंवा तोंडाला तसा गोलवा द्यावा लागतो.

आणि आता ती चूक जी हुशार लोकही करतात. एपॉक्सी ओली असताना स्क्रू आवळणे. वाटतं की घट्ट केलं की छान बसेल, पण होतं उलटं, अॅक्शन किंचित वाकलेल्या अवस्थेत धरली जाते, एपॉक्सी त्याच आकारात कडक होते आणि पुढे जितक्या वेळा स्क्रू आवळाल तितक्या वेळा तो ताण परत येतो. करायचं काय तर पुढे मागे स्क्रूच्या जागी बिनडोक्याचे गाइड स्टड लावायचे, अॅक्शन वरून अलगद खाली सोडायची आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून नुसती धरून ठेवायची. बॅरलला पुढच्या टोकाशी टेपचे दोन-तीन वेढे दिले की ती मधोमध राहते.

मिश्रणाबद्दल. पाच मिनिटांची रॅपिड एपॉक्सी नको, अॅक्शन नीट बसेपर्यंत ती घट्ट होते. साधं अॅराल्डाइट स्टँडर्ड चालतं, आकारमानाने एकास एक, वजनाने १००:८०. अंदाजपंचे ओतू नका, हार्डनर कमी पडला तर आठवड्याने पण नखाने ओरखडा उमटतो. ते पातळ असतं म्हणून अॅल्युमिनियमची बारीक पावडर घालून श्रीखंडाइतकं घट्ट करायचं. थंडीत रात्रीचा पारा आठ-दहावर उतरला की चोवीस तासांत ते पूर्ण पकडत नाही, दोन दिवस द्या, खोली उबदार ठेवा.

जुन्या स्टॉकमध्ये अॅक्शनच्या मागच्या टोकाखाली बंदुकीचं तेल मुरलेलं असतं, कारण रायफल पिढ्यान् पिढ्या नळी वर करून उभी ठेवलेली. त्या काळ्या लाकडाला एपॉक्सी चिकटतच नाही. अॅसिटोन आणि खडूची पावडर कालवून लेप द्यायचा, वाळला की झाडायचा, पावडर पिवळी यायची थांबेपर्यंत. दारं-खिडक्या उघड्या, जवळ गॅस पेटलेला नको.

धातूला एपॉक्सी चिकटू नये म्हणून मेणाचं न्यूट्रल बूट पॉलिश दोन हात, मधे वाळवून. स्क्रूचे आटे, भोकं, ट्रिगरची पोकळी, बोल्ट स्टॉपची खाच, सगळीकडे मुलांची मातीसारखी क्ले भरा. एक खाच विसरलात की एपॉक्सी तिथे आकड्यासारखी अडकते आणि अॅक्शन निघत नाही. असं झालंच तर ओढाताण करू नका, हातोडी तर नकोच. थंडीने धातू आकसतो, म्हणून डीप फ्रीझरमध्ये काही तास ठेवून रबरी मॅलेटने बॅरलखालून हळू ठोकतात. पण ओळखीच्या आईस्क्रीमवाल्याच्या फ्रीझरमध्ये रायफल ठेवायला जाऊ नका, पोलिस स्टेशनला समजावून सांगता सांगता नाकी नऊ येतील. स्क्रू चिकटला असेल तर सोल्डरिंग गनची गरम टीप त्याच्या डोक्यावर मिनिटभर ठेवा, सुटतो.

मोकळी जागा राहावी म्हणून रिकॉइल लगला टेप पुढे, दोन्ही बाजूंना आणि तळाला. मागच्या तोंडाला बिलकुल नाही, तिथेच तर धक्का बसायचाय. मागच्या टँगमागे (अॅक्शनची मागची शेपटी) उलट अर्धा मिलिमीटर मोकळं ठेवा, नाहीतर चार राउंडनंतर तिथून केसासारखी चीर पडते आणि ती मग ग्रिपपर्यंत पळते.

झालं की तपासणी. बोल्ट काढा, चेंबर रिकामं आहे हे स्वतः बघा. दोन्ही स्क्रू आवळा, बॅरलच्या टोकाशी स्टॉकवर डायल गेज लावा आणि एक स्क्रू सैल करा. काटा पाच शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर अॅक्शनमध्ये ताण आहे, परत खरवडून नवा थर द्यावा लागेल. गेज नसेल तर बॅरल आणि फोर-एंडच्या फटीवर बोट ठेवा, स्क्रू सैल करताना हालचाल बोटाला कळते. अंतिम घट्टपणा पिलर असताना साधारण साडेपाच ते सात न्यूटन मीटर, टॉर्क रेंचने. हाताने "कचकून" हे माप नाही. पुढचा स्क्रू काही रायफलींत आत जास्त गेला की बोल्टच्या लगला (बोल्ट अडकवणाऱ्या उंचवट्याला) टोचतो, म्हणून बोल्ट लावून दोन-चारदा उघडझाप करा आणि सेफ्टी आधीसारखी फिरते का तेही बघा.

शेवटी आतलं उघडं लाकूड सील करा, पिलरच्या भोकाच्या कडेपर्यंत. स्टॉक बाहेरून चकाचक पॉलिश आणि आतून कोरडंच, असं बरेच जण ठेवतात आणि मग श्रावणात परत स्क्रू तपासायला बसतात.