"पोरी, कुठं बघू मी?"

चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा, एलिमेंटरीला ए, इंटरमिजिएटलाही ए. औसा तालुक्यातल्या आमच्या गावात एवढ्या भांडवलावर मी चित्रकार ठरले होते. गणपतीची आरास, शाळेतले फलक, लग्नघराच्या भिंतीवरचं 'शुभविवाह', सगळं माझ्याकडंच यायचं. मग तेव्हाच्या औरंगाबादला फाउंडेशनला, म्हणजे चित्रकलेच्या पायाभूत अभ्यासक्रमाला, प्रवेश घेतला आणि पहिल्याच आठवड्यात विमान जमिनीवर आलं.

स्मरणचित्राचा विषय होता 'आठवडी बाजार'. आता हा काय मला शिकवायचा विषय? मी जीव ओतला. भाजीवाल्या, बांगड्यांचं पाल, शेवचिवड्याचा गाडा, शेळ्या, फुगेवाला, रडणारं पोर, मागं देवळाचं शिखर. बावीस माणसं काढली होती, मोजून. सरांनी कागद हातभर लांब धरला, डोळे बारीक केले आणि विचारलं, "पोरी, कुठं बघू मी?"

सगळीकडं बघा की, मी मनात म्हटलं.

समतोल, लय, प्रमाण, विरोध, प्राधान्य, एकता ही तत्त्वं मला तोंडपाठ होती. व्याख्या लिहून मार्कही घेतले होते. पण चित्र काढताना ती आठवायचीच नाहीत. भाजी झाल्यावर वरून कोथिंबीर भुरभुरावी, तशी ती शेवटी लावायची गोष्ट वाटायची. सरांनी दुसऱ्या दिवशी कागदावर सहा चौकटी आखायला लावल्या, एकेक चौकट काडेपेटीएवढी. विषय तोच, बाजार. नाकडोळे काढायचे नाहीत. फक्त पांढरा, करडा आणि काळा.

काडेपेटीत बावीस माणसं बसत नाहीत. तीन चौकटी नुसत्या गिचमिड झाल्या. चौथीत फुगेवाला एकटा राहिला, पण तो मधोमध खांबासारखा उभा. सहाव्या चौकटीत पालाच्या सावलीत बसलेली एक म्हातारी भाजीवाली आली. ती गडद, तिच्या मागं रणरणतं ऊन आणि उन्हात विरघळल्यासारखी गर्दी, नुसते आकार. एकवीस माणसं गर्दीत गेली आणि एक उरली. ते चित्र अजून माझ्याकडं आहे. म्हातारीच्या पदराचा हिरवा जरा भडकच झालाय.

ग्रेड परीक्षेची किंवा चित्रकलेच्या पदवीसाठीच्या सीईटीची, म्हणजे प्रवेश परीक्षेची, तयारी करणाऱ्या पोरांना मी अजूनही आधी काडेपेटीच काढायला लावते. पंधरा मिनिटं जातात म्हणून ती कुरकुरतात. ती पंधरा मिनिटं पुढचा तासभर वाचवतात, पण हे त्यांना परीक्षा झाल्यावर पटतं. चित्र अर्धं झालं की भिंतीला टेकवा, चार पावलं मागं सरका, डोळे किलकिले करून बघा. बारकावे पुसले जातात आणि गडद-फिकटाचे ठोकळे तेवढे उरतात. ते ठोकळे एकमेकांत मिसळून चिखल झाला असेल, तर वर कितीही रंग चढवा, चित्र उठणार नाही. हल्ली मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल केला तरी हेच दिसतं.

विरोध म्हणजे काय हे शिकायला आमच्याकडं पुस्तक लागत नाही. काळ्या रानात फुटलेला कापूस बघा. तोच कापूस पांढऱ्या कागदावर नुसता काढला तर दिसेल का? म्हणून आधी रान रंगवायचं, म्हणजे पार्श्वभूमी ठरवायची, मग बोंड. रंगाचंही तसंच. नवखी पोरं बाटलीतला हिरवा सरळ झाडाला फासतात. एप्रिलमधली बाभूळ कुठं तशी हिरवी असते? त्या हिरव्यात चिमूटभर तांबडा कालवा, तो लगेच निवतो आणि आपल्याकडचा होतो. पोस्टर कलर वाळल्यावर बदलतो हेही ध्यानात ठेवा. गडद छटा जरा फिकट होते, फिकट छटा जरा गडद. म्हणून रद्दी कागदावर पट्टा ओढून, वाळवून बघायचं.

वस्तुचित्रात माझा घोळ तांब्यानं केला. तांब्या, वांगं, कांदा, मागं सोडलेलं कापड. मी तिन्ही वस्तू प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या एका ओळीत काढल्या, एकीचा दुसरीला धक्का नाही. शिवाय तांब्याचं तोंड गोल काढलं आणि बूड पट्टीनं सरळ रेषेत. आपण वरून बघत असतो तेव्हा तोंड लंबगोल दिसतं, आणि बूड नजरेच्या आणखी खाली असल्यानं त्याचा लंबगोल जास्त भरीव, म्हणजे बुडाची कड बाकदारच आली पाहिजे. ती सरळ काढली की तांब्या जमिनीवर बसत नाही, कापून चिकटवल्यासारखा दिसतो. वांगं तांब्याच्या थोडं पुढं, त्याचा काठ झाकणारं काढलं की दोघांचं नातं जुळतं, खोलीही येते. कांदा मुद्दाम लांब. त्या मधल्या मोकळ्या जागेचाही आकार असतो, तोही काढायचा असतो. हे कळायला मला एक वर्ष लागलं.

समतोलासाठी मी पोरांना दोन ठिकाणी नेते. बीबी का मकबऱ्यात मधोमध उभं राहिलं की डावं-उजवं आरशात बघितल्यासारखं दिसतं. दोन बाजू सारख्या, सोपं काम. (समाधीच्या पश्चिमेला नंतर बांधलेली मशीद जरा खटकते, पण तीही शोधून काढायला सांगते.) खरी मजा दौलताबादला आहे. अशी जागा शोधून बसायचं, जिथून एका बाजूला किल्ल्याचा अवजड डोंगर आणि दुसऱ्या बाजूला सडपातळ चांदमिनार दिसतो. डोंगरापुढं मिनाराचं वजन ते काय? तरी चित्र कलत नाही, कारण मिनार उभा, एकटा आणि भोवती मोकळं आभाळ. शंभर पोत्यांच्या गाडीशेजारी एकच माणूस उभा असला तरी नजर त्याच्याकडं जाते, तसं.

आणि अजिंठा. सोमवारी लेणी बंद असतात, हे न बघता निघालेली एक आख्खी जीप मी पाहिली आहे, म्हणून आधीच सांगते. पहिल्या लेण्यात शिरल्या शिरल्या काही दिसत नाही. डोळे अंधाराला सरावू द्या, फ्लॅश मारायचा नसतो. हळूहळू भिंतीवरचा बोधिसत्त्व पद्मपाणी वर येतो. हातात कमळ, मान झुकलेली, भोवतालच्या आकृतींपेक्षा मोठा, आणि गडद गर्दीतून उजळ. भिंत माणसांनी, माकडांनी, झाडापानांनी भरलेली आहे, तरी कुठं बघू असं विचारावं लागत नाही. मी तिथं उभी असताना मला सरांचा प्रश्न पहिल्यांदा नीट कळला.

संकल्पचित्र, म्हणजे नक्षीची रचना, शिकायला पैठणी पुरते. पदर भरगच्च, अंगभर मात्र तुरळक बुट्टी. अंगही पदरासारखंच भरलं असतं तर पदराकडं कुणी बघितलं असतं?

अक्षरलेखनात सगळे पट्टीनं मोजून सारखं अंतर ठेवतात. मीही ठेवायचे. देवनागरीत ग, ण, श यांच्या पोटातच फट असते. 'पाणी' लिहिताना ण मधली फट आणि दोन अक्षरांमधली फट सारखी झाली की शब्द तुटतो. तिथं पट्टी बाजूला ठेवून डोळ्यानं जागा सारखी करायची.

'पाणी'वरून 'पाणी वाचवा' आठवलं. हा विषय दिला की नळ, थेंब, पृथ्वी, दोन हात आणि रडणारं झाड, पाचही गोष्टी एकाच कागदावर येतात. 2016 साली मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, ते दिवस माझ्या काही विद्यार्थ्यांच्या घरी अजून बोलले जातात. गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलीनं फक्त घागरींची रांग काढली. कागदाच्या कोपऱ्यातून सुरू होऊन लहान लहान होत टँकरपर्यंत गेलेली, सगळ्या करड्या, आणि मधे एकच लाल, आडवी पडलेली. मी कागद हातभर लांब धरला. डोळे बारीक करायच्या आधीच ती म्हणाली, "बाई, लाल घागर आमची आहे."