इंग्रजीतला ‘वो’: लगाम ओढायचा शब्द कुठे चालतो, कुठे नाही

डब्ल्यू-एच-ओ-ए ही अक्षरं पाहिली की आपल्याकडे सर्रास ‘व्होआ’ असं वाचतात. उच्चारात मात्र शब्द एकाच अक्षराचा आहे आणि त्याचं यमक ‘गो’शी जुळतं. ‘काय वो पाटील’मधला ‘वो’ घ्या, ओठांचा चंबू करा आणि शेवट किंचित ‘उ’कडे झुकवा. वरचे दात खालच्या ओठाला टेकले की उच्चार बिघडला.

हा मुळात घोड्याला थांबवायचा हुकूम. आधी तो ‘हो’ असा होता, आजचं रूप नंतर रुळलं. चांगले स्वार अजूनही हा शब्द जपून वापरतात. ‘वो’ म्हणजे चारही पाय जागच्या जागी. नुसता वेग कमी करायचा असेल तर ‘ईझी’ म्हणतात. दोन्हीला ‘वो’च म्हणत राहिलं की घोडा गोंधळतो आणि खरोखर थांबवायच्या वेळी थांबत नाही.

बोलण्यात हा फरक पुसट झाला असला तरी लगाम सुटलेला नाही. शब्द वापरण्याआधी स्वतःला विचारा: इथे कोणाला तरी, निदान स्वतःच्या मनाला, मी खेचून थांबवतोय का? नसेल तर दुसरा शब्द शोधा.

समोरच्याला अडवायचं असेल तर उच्चार आखूड ठेवा, सूर खाली आणा आणि लगेच कारण द्या. सहकारी चुकीची फाइल पाठवायला निघालाय: ‘वो, डोंट सेंड दॅट येट.’ नुसतं ‘वो’ म्हणून गप्प बसलात तर तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. कोणी तुमच्या वतीने भलतंच ठरवून पुढे सुटलं असेल तर तीनदा म्हणतात, ‘वो, वो, वो’, आणि बहुधा दोन्ही तळवे पुढे करतात. आपल्या ‘अरे थांब, थांब, मी कुठे हो म्हटलं?’ची जागा ती. मात्र यात दुसऱ्याचा लगाम आपण हातात घेतो. मित्राला चालेल, साहेबाला, ग्राहकाला किंवा मुलाखत घेणाऱ्याला नाही. तिथे ‘सॉरी, कुड वी गो बॅक अ सेकंद?’ बरं.

दुसरा अर्थ आश्चर्याचा. तो साधारण १९८० च्या दशकात रुळला. इथे ‘ओ’ लांबवतात: ‘वोऽऽ’. ‘वाव’शी याची गल्लत फार होते. ‘वाव’मध्ये बहुतेक वेळा कौतुक असतं, ‘वो’मध्ये मन क्षणभर अडखळतं, मग गोष्ट चांगली असो की वाईट. मैत्रिणीने नवी साडी दाखवली तर ‘वाव’. त्या साडीची किंमत ऐकून ‘वो’. मृत्यूच्या बातमीवर मात्र दोन्ही नकोत, ‘आय अॅम सो सॉरी’ एवढंच म्हणा.

लिहिताना ‘एच’ दुसऱ्या जागी येतो. तो शेवटी टाकलेलं स्पेलिंग चॅटमध्ये खूप दिसतं आणि खपूनही जातं, पण छापायच्या मजकुरात संपादक ते बदलतील. शब्दानंतर स्वल्पविराम द्या. दुःख या अर्थाचा डब्ल्यू-ओ-ई हा वेगळाच शब्द, पण उच्चार तोच, त्यामुळे ऐकून टाइप करताना घोटाळा होतो. कार्यालयीन ईमेलमध्ये यातलं काहीच नको.

अमेरिकेत ‘वो, नेली!’ ऐकू येईल. तिथे नेली नावाची कोणी हजर नसते, तो नुसता अचंबा असतो. ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये ‘फ्रॉम गो टू वो’ म्हणतात: घोडा सुटल्यापासून थांबेपर्यंत, म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिथल्या कोणी सांगितलं की काम ‘गो टू वो’ सहा आठवड्यांचं आहे, तर सहा आठवड्यांत सगळं आलं. वर आणखी दिवस धरू नका.