पहिल्या स्कूबा सुट्टीची आखणी परतीच्या विमानापासून करा

स्कूबाच्या, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरण्याच्या, सुट्टीचा बेत आखताना बहुतेक जण आधी ठिकाण ठरवतात, मग तिकिटं काढतात आणि डायव्हिंगचं वेळापत्रक शेवटी बघतात. मी परतीच्या विमानापासून सुरुवात करते. पाण्याखाली दाब वाढतो तसा श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळत जातो. वर आल्यावर तो पुरता बाहेर पडायला कित्येक तास लागतात. त्याआधी विमानात बसलं, तर केबिनमधल्या कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होऊ शकतात आणि त्यातून सांधेदुखीपासून लकव्यापर्यंत काहीही उद्भवू शकतं. म्हणून डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या संस्थेची शिफारस अशी आहे: एकच साधी डायव्ह केली असेल तर किमान १२ तास आणि सलग काही दिवस डायव्हिंग केलं असेल तर किमान १८ तास उड्डाण टाळावं. मी सरळ २४ तास धरते.

आता सात दिवसांच्या सुट्टीचा हिशोब मांडा. पहिला दिवस प्रवासाचा, सातवा परतीचा, सहावा कोरडा. पाण्यात उतरायला उरतात चार दिवस. कोरड्या दिवशी उंच डोंगर किंवा ज्वालामुखी बघायला जायचा बेतही नको, कारण उंचीवर हवेचा दाब कमीच असतो. तो दिवस किनाऱ्यावर, गावात, बाजारात घालवा.

चार दिवस म्हटलं की पुढचा प्रश्न येतो: तिथे जाऊन शिकायचं की शिकून जायचं? ओपन वॉटर या पहिल्या प्रमाणपत्राचा पूर्ण कोर्स साधारण तीन-चार दिवसांचा असतो. म्हणजे सगळं तिथेच करायचं ठरवलं तर सुट्टीचा बहुतेक वेळ वर्गात आणि उथळ पाण्यातच जातो. निदान थिअरी तरी घरूनच ऑनलाइन करून जा, असं मी प्रत्येकाला आग्रहानं सांगते. जमलं तर जलतरण तलावातला भागही आधी उरकून घ्या. मग समुद्रातल्या चार प्रशिक्षण डायव्ह तेवढ्या तिथे करायच्या. दोन वेगळ्या केंद्रांत कोर्स असा विभागता येतो, फक्त दोघांशी आधी बोलून घ्यावं लागतं. पोहण्याची अट घाबरवणारी नाही. २०० मीटर सलग पोहायचं, वेळेचं बंधन नाही, आणि १० मिनिटं तरंगत राहायचं. कोर्स नकोच असेल तर इन्स्ट्रक्टरच्या हाताशी राहून १२ मीटरपर्यंत एखादी ओळख करून देणारी डायव्ह करता येते. तेवढ्यावरही समुद्राची चांगली ओळख होते.

पैसे भरण्याआधी एक कागद मात्र वाचाच: वैद्यकीय प्रश्नावली. दमा, हृदयविकार, फिट्स, कान-सायनस-छातीच्या शस्त्रक्रिया, चालू असलेली औषधं, हे सगळं त्यात विचारलेलं असतं. महत्त्वाच्या प्रश्नांना ‘हो’ आलं की डॉक्टरांची लेखी परवानगी लागते. ती घरी असताना मिळवायला सोपी असते, बेटावर ऐनवेळी मिळवणं अवघड. खरी उत्तरं द्या. कागद नसेल तर जे केंद्र पाण्यात उतरू देत नाही, ते चांगलं केंद्र.

आता ठिकाण. नवख्या माणसाचा गोंधळ सगळ्यात जास्त इथे होतो, कारण फोटोतला समुद्र आणि आपल्याला झेपणारा समुद्र हे दोन वेगळे असतात. ओपन वॉटर प्रमाणपत्रावर मर्यादा १८ मीटर, त्यापुढच्या अॅडव्हान्स्डवर ३० मीटर. पण खोलीपेक्षाही मी प्रवाह बघते. इंडोनेशियातल्या कोमोडोला किंवा मालदीवच्या खाड्यांमध्ये प्रवाह इतका जोरकस असू शकतो की तिथे हौस पुरत नाही, सराव लागतो. त्याच इंडोनेशियात बालीच्या तुलांबेनला किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं आणि थोडं पोहलं की समोर लिबर्टी नावाचं अमेरिकी मालवाहू जहाज. १९४२ साली जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोनं ते निकामी झालं, किनाऱ्यावर आणून ठेवलं गेलं आणि १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात घसरून पाण्यात गेलं. त्याचा वरचा भाग अवघ्या पाचेक मीटरवर आहे. पहिल्या सुट्टीसाठी मला अशी जागा आवडते. बोट नाही, घाई नाही, उथळ पाण्यातही बघण्यासारखं भरपूर, आणि दमलात तर किनारा जवळच.

उष्ण कटिबंधात पाणी बारमाही उबदार असतं, पण समुद्र बारमाही खुला नसतो. थायलंडमधलं सिमिलान राष्ट्रीय उद्यान मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतं. फिलिपिन्सच्या तुब्बाताहा प्रवाळ-उद्यानाला जायचे दिवस साधारण मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच, आणि तेही बोटीवरच मुक्काम करून. म्हणून स्वस्त तिकीट दिसलं की आधी तिथल्या वाऱ्यांचा मोसम तपासा. आणखी एक गोष्ट जाहिरातींत सहसा नसते. मांटा रे हे पंखांसारखे कल्ले असलेले मोठे मासे आणि व्हेल शार्क प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, खायला येतात, आणि प्लवक दाटलं की पाणी गढूळ होतं. मोठे जीव हवेत की काचेसारखं नितळ पाणी, हे आधी मनाशी ठरवा. मालदीवमधल्या हनिफारू उपसागरात जून ते नोव्हेंबरच्या सुमारास मांटांची गर्दी होते, पण २०१२ पासून तिथे स्कूबाला बंदी आहे. फक्त स्नॉर्कलिंग, म्हणजे नळीनं श्वास घेत पृष्ठभागावर पोहणं, तेवढं करता येतं. मला हा नियम मनापासून पटतो. त्या जिवांना शांतपणे खाऊ देणं आपल्या डायव्हपेक्षा मोलाचं आहे.

केंद्र निवडताना मी ईमेलवर ठरलेले प्रश्न विचारते. एका गाइडबरोबर किती जण असतात? बोटीवर ऑक्सिजन आहे का? जवळचा रीकम्प्रेशन चेंबर, म्हणजे हवेचा दाब वाढवून बुडबुड्यांच्या त्रासावर उपचार करणारी खोली, कुठे आहे? पहिल्या दिवशी कुठे नेणार? शेवटच्या प्रश्नावर त्यांनी तुमचा अनुभव उलट विचारला, शेवटची डायव्ह कधी केलीत ते विचारलं, की समजा माणसं जबाबदार आहेत. दराचा तक्ता तेवढा पाठवला, तर मी दुसरं केंद्र बघते.

सामानात स्वतःचा मास्क घ्या, बाकी सगळं भाड्यानं मिळतं. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवून नाकानं हलका श्वास ओढा. तो चिकटून राहिला तर तुमच्या मापाचा. चष्मा असेल तर नंबरच्या काचांचा घ्या. पुढे पैसे साठले की खोली आणि वेळ मोजणारा डायव्ह कॉम्प्युटर. कोमट पाण्यातही दुसऱ्या-तिसऱ्या डायव्हला थंडी वाजते, म्हणून तीन मिलिमीटरचा सूट घालायला लाजू नका. त्यानं उन्हापासूनही बचाव होतो आणि सनस्क्रीन कमी लागतं. प्रवाळाला घातक घटक असलेल्या सनस्क्रीनवर पलाऊ देशानं २०२० पासून बंदीच घातली आहे.

पाण्यात पहिले दोन दिवस कॅमेरा नको. त्या दिवसांत एकच गोष्ट शिका: न बुडता, न वर उसळता एका पातळीवर स्थिर राहणं. श्वास संथ झाला की हवा जास्त पुरते, प्रवाळाला फिनचा (पायातल्या वल्ह्याचा) धक्का लागत नाही आणि मासेही जवळ येतात. श्वास मात्र कधीही रोखून धरू नका, कारण वर येताना फुप्फुसातली हवा फुगते. खाली जाताना कान दुखायच्या आधीपासूनच मोकळे करत राहा. सर्दी असेल तर त्या दिवशी डायव्ह नाही. औषध घेऊनही नाही, कारण त्याचा असर पाण्यातच ओसरला तर वर येताना कान-सायनस अडकतात. पैसे भरलेत म्हणून कुणी उतरू नये. कुठल्याही क्षणी डायव्ह रद्द करायचा हक्क प्रत्येकाला असतो आणि त्याचं कारण द्यावं लागत नाही.

विम्याची पॉलिसी शेवटपर्यंत वाचा. साध्या प्रवास विम्यात स्कूबा बहुधा वगळलेलं असतं किंवा खोलीची मर्यादा घातलेली असते. चेंबरमधले उपचार आणि बेटावरून तातडीनं हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे ना, हे लेखी विचारून घ्या. पॉलिसीचा आणि आपत्कालीन मदतीचा नंबर लॉगबुकच्या (डायव्हच्या नोंदवहीच्या) पहिल्या पानावर लिहा, आणि तो तिथे आहे हे तुमच्या डायव्हिंगच्या जोडीदाराला पाण्यात उतरण्याआधी सांगा.