मे महिन्यातला बिनगॅसचा नाश्ता: शेंगदाण्याच्या दुधातलं चिया पुडिंग

मे महिना म्हणजे आमच्या सोलापुरात युनिफॉर्मचा हंगाम. जूनला शाळा उघडायच्या आत माल जायचा असतो, त्यामुळे सकाळी सातलाच माझं मशीन सुरू होतं. पारा 42 च्या पुढं, डोक्यावर पत्रा, त्यात गॅस पेटवायचा म्हटलं की जीव नको होतो. लेकीनं दूध, दही, तूप, मध सगळं सोडलंय. तिच्यासाठी म्हणून हे पुडिंग करायला लागले, आता मलाही सकाळी तेच लागतं.

चिया नीट बघून घ्या. पहिल्या वेळी मला दुकानातून सब्जा मिळाला. तो पाच मिनिटांत फुगला, पण सकाळपर्यंत फालुद्यासारखा सुटा सुटाच राहिला. सब्जा एकसारखा काळा असतो. चियाचे दाणे करडे, काळे, पांढरे असे मिसळलेले, आणि जवळून बघितलं तर त्यावर बारीक नक्षी दिसते.

दुधासाठी सगळे बदाम सांगतात. मी म्हणते, सोलापुरात राहून शेंगदाणा सोडून लांब कशाला जायचं? अर्धी वाटी बिनमिठाचे भाजके दाणे घ्या, सालं काढा, चार तास भिजवा. सुरकुतलेला, काळपट, कुबट दाणा आधीच बाजूला काढा. तसला दाणा पोटात जायलाच नको. भिजवलेलं पाणी फेकून द्या. आधी थोड्या पाण्यात दाणे गंधासारखे बारीक वाटा, मग एकूण दोन वाट्या पाणी होईल असं वाढवा आणि मलमलच्या फडक्यातून घट्ट पिळून घ्या. गाळलेल्या दुधात बिया काढलेले चार-पाच मऊ खजूर, चिमूटभर मीठ, वेलची घालून पुन्हा एकदा मिक्सर फिरवा. दाण्याची ॲलर्जी असेल त्यांनी नारळाचं दूध घ्यावं, आणि पुढं वरून घालायचे दाणेही वगळावेत.

एका वाटीला, म्हणजे साधारण 200 मिली दुधाला, 30 ग्रॅम चिया. पोह्याचे चार सपाट चमचे होतात. बिया टाकून मिनिटभर हलवा, आणि दहा मिनिटांनी परत हलवा. हे दुसरं हलवणं चुकवू नका. चिया आपल्या वजनाच्या दहापट पाणी ओढतो. बाहेरच्या बियांभोवती चिकट थर धरतो आणि मधल्या बिया त्यात कोरड्याच अडकतात. मग सकाळी चमच्याखाली गोळे येतात, ते नंतर कितीही घोटले तरी फुटत नाहीत. मी पातेल्याचा तळ चमच्यानं खरवडून घेते, कारण खाली बसलेल्या बिया तिथंच चिकटतात. कोरडा चिया तसाच तोंडात टाकू नका, घशात फुगतो.

झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. घाई असेल तर चार तास बस्स. बाहेर ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हाळ्यात दाण्याचं दूध लवकर आंबतं. फ्रिजमध्येही दोन दिवसांत संपवा. सकाळी फार घट्ट वाटलं तर दोन चमचे दूध घालून सैल करायचं.

सुकामेवा अगदी खाताना घालायचा, रात्रीच घातला तर मऊ पडतो. मूठभर भाजके दाणे खलबत्त्यात दोन-तीनदाच ठेचा. चटणीइतके कुटू नका, दाताखाली आले पाहिजेत. बदामाचे काप, थोडे काजू, बेदाणे. आणि डाळिंब मिळालं तर सोडू नका. सोलापूरच्या डाळिंबाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, ते उगाच नाही. सांगोल्याकडचं भगवं डाळिंब असलं तर त्या आंबटगोड दाण्यांनी वाटीची चवच बदलते.

फडक्यातला चोथा टाकू नका. लसूण, लाल तिखट, मीठ घालून कुटा. ओला असतो म्हणून त्याच दिवशी संपवायचा. दुपारी मशीन थांबवलं की आम्ही तो कडक भाकरीबरोबर खातो.