मनात चाललेलं टिपायचं कसं: ‘मोठ्याने विचार’ पद्धतीने माहिती गोळा करताना

चौथीतल्या मुलांना हे शाब्दिक उदाहरण द्या: ‘राजूकडे ८ गोट्या आहेत. त्या मीनाच्या गोट्यांपेक्षा ३ ने जास्त आहेत. तर मीनाकडे किती गोट्या?’ बरीच मुलं ११ लिहितात. पण वहीतल्या ११ वरून काही कळत नाही. ‘जास्त’ दिसलं म्हणून बेरीज केली, ‘त्या’ म्हणजे कोणाच्या हे उमगलं नाही, की घाईत अर्धंच वाचलं? तिन्ही चुका वहीत सारख्याच दिसतात. त्या वेगळ्या काढायच्या तर सोडवता सोडवता मुलाला मोठ्याने विचार करायला लावावं लागतं. अंतर्निरीक्षणाचा, म्हणजे स्वतःच्या मनात काय चाललंय ते स्वतःच सांगण्याचा, हा प्रकार एम.एड.च्या लघुशोधनिबंधालाही झेपण्यासारखा आहे.

अंतर्निरीक्षणाचं नाव एके काळी चांगलंच खराब झालं होतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, तिथे ही पद्धत कडक नियमांत वापरली जाई. पुढे मनात प्रतिमा न उमटता विचार होतो की नाही, यावर जर्मनीतल्या वुर्झबर्ग आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठांतल्या मंडळींची जुंपली. दोन्हीकडचे निरीक्षक तरबेज, तरी निष्कर्ष उलटे आणि निवाड्याला मार्गच नाही. १९१३ मध्ये वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ वॉटसन यांनी ही पद्धतच मोडीत काढा म्हटलं. १९८० च्या दशकात एरिक्सन आणि सायमन या संशोधकांनी तिला पुन्हा उभं केलं ते एका अटीवर: माणसाने मनात येतं ते फक्त बोलावं, त्याचं विश्लेषण करू नये.

सगळी मेख या अटीत आहे. ‘असं का केलंस?’ विचारलं की समोरचा कारण शोधतो, आणि सापडलं नाही तर रचतो. निस्बेट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मांडलेला प्रयोग लक्षात ठेवा. हुबेहूब सारख्या चार नायलॉन मोजे-जोड्यांतून लोकांनी उजव्या टोकाची जोडी सर्वांत जास्त निवडली. कारण विचारलं तर जागेचं नाव कोणीही आपणहून घेतलं नाही. तेव्हा ‘का’ हा शब्द सत्रापुरता तोंडातून काढूनच टाका.

उदाहरणं ४ ते ६ पुरतात. फार सोपं उदाहरण सवयीने सुटतं आणि मूल थेट उत्तर बोलतं. फार अवघड असेल तर गप्प बसतं. म्हणून आधी दोन-तीन मुलांवर चाचपणी करा. पालकांची लेखी संमती घ्या, मुलाचा होकार वेगळा विचारा. सत्र ३० ते ४० मिनिटांच्या वर नेऊ नका. वर्गशिक्षक खोलीत नकोत. ते असले की मूल विचार करत नाही, उत्तर देतं. मुलाच्या समोर बसू नका, बाजूला किंचित मागे बसा. रेकॉर्डिंगला दोन मोबाइल ठेवा, दोन्ही फ्लाइट मोडवर. वहीतलं लिखाण दिसेल असा एक कॅमेरा असेल तर उत्तमच.

सूचना सगळ्यांना शब्दशः एकच द्या: ‘हे सोडवताना तुझ्या मनात जे जे येईल ते बोलत जा. मला समजावून सांगू नकोस. खोलीत तू एकटीच आहेस आणि स्वतःशी बोलतेयस असं समज. घरी बोलतेस तसंच बोल.’ शेवटचं वाक्य गाळू नका. नाहीतर मुलं पुस्तकी भाषा जुळवत बसतात आणि विचार मागे पडतो.

मग ५ ते १० मिनिटं सराव. ‘तुमच्या घराला खिडक्या किती?’ हा प्रश्न नामी आहे, कारण तो सोडवायला मनातल्या मनात घरभर फिरावं लागतं. ‘सैपाकघरात एक, पुढच्या खोलीत दोन…’ असं ऐकू आलं की जमलं. नुसतं ‘सहा’ आलं तर वीस प्राण्यांची नावं सांगायला लावा. सराव न घेतलेल्या मुलांकडून पहिल्या दोन उदाहरणांत जवळजवळ काही हाती लागत नाही.

मूल १० ते १५ सेकंद गप्प राहिलं तर एवढंच म्हणा: ‘बोलत राहा.’ ‘काय विचार करतेयस?’ नको, ‘बरोबर’ नको, मानही डोलवू नका. मुलं तुमच्या ‘हं’वरून उत्तर बदलतात.

उदाहरण संपताच, पुढचं देण्याआधी, वही समोर ठेवून विचारा: ‘इथे तू खोडलंस, तेव्हा मनात काय आलं होतं?’ हे दोन-तीन मिनिटांत उरका. दुसऱ्या दिवशी विचारलंत तर आठवणीपेक्षा रचनाच जास्त मिळेल. ही माहिती वेगळ्या रंगात नोंदवा, सत्रातल्या बोलण्यात मिसळू नका.

तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला साधारण ५ ते ६ तास लागतात, त्यामुळे १० ते १२ मुलांपलीकडे एकट्याने जाऊ नका. भाषा सुधारू नका. मूल ‘त्रेपन्न’ म्हणालं की ‘पन्नास तीन’, हे जसंच्या तसं हवं. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात संख्यावाचनाची नवी रीत आल्यापासून तर हा फरकच माहिती आहे. शांतता सेकंदांत लिहा, ‘हातचा एक’ पुटपुटला तरी लिहा.

नंतर एका विचाराचा एक तुकडा पाडा आणि संकेत द्या: पुन्हा वाचलं, शब्दावरून क्रिया निवडली, चित्र काढलं, पडताळा घेतला. सुमारे २० टक्के तुकडे दुसऱ्या व्यक्तीकडून स्वतंत्रपणे संकेतित करून घ्या आणि कोहेनचा कॅपा (योगायोगाने जुळलेलं वगळून दोघांचं एकमत मोजणारा आकडा) काढा. प्रत्यक्ष एकमत ०.८५ आणि योगायोगाने अपेक्षित एकमत ०.४० असेल, तर (०.८५ − ०.४०) ÷ (१ − ०.४०) = ०.७५. ०.६० च्या खाली आलात तर दोष बहुधा संकेतांच्या व्याख्येत असतो; ती धारदार करा आणि पुन्हा मोजा.

बोलल्यामुळे विचारच बदलतो, हा आक्षेप तोंडी परीक्षेत हमखास येतो. ९४ अभ्यासांचं २०११ मधलं एकत्रित विश्लेषण सांगतं की नुसतं बोलत राहिल्याने उत्तरांच्या अचूकतेवर फरक पडत नाही, वेळ मात्र जास्त लागतो. स्पष्टीकरण मागितलं की कामगिरी सुधारते. तरी त्याच वर्गातल्या काही मुलांना तीच उदाहरणं मुकाट्याने सोडवू द्या आणि दोन्ही गटांची बरोबर उत्तरं शेजारी मांडा.